पावतीची पावती

"मॅडमजी, हे काहून थांबून नाही राहिलं?" बापूरावजींनी विचारलं.

'हे' म्हणजे प्रिंटर. लकडगंजातल्या त्यांच्या लाकडाच्या दुकानात, गादीशेजारी आम्हीच आणून ठेवलेला. कर्र कर्र करत तो रोमन अक्षरांत एकच शब्द छापत सुटला होता. पोचलं. पोचलं. पोचलं. कागद टेबलावरून उतरून बापूरावजींच्या मांडीवर येऊन बसला होता.

"मशीन जरा उत्साही आहे," आमचे ढोबळे साहेब हसत म्हणाले. मला मात्र घाम फुटला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पगारपत्रकांचे प्रोग्राम लिहून मी पार विटले होते. साहेबांच्या मागे लागून लागून नेटवर्कचं हे काम मिळवलं. त्यांनी बजावलं होतं, "डेमो फसला तर तू परत पगारपत्रकावर. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

काम तसं साधं. दुकानात ऑर्डर टाइप करायची, केबलमधून ती गल्लीपलीकडच्या, लाकूड कापायच्या आरामशीनवर जाऊन छापायची. आरामशीन बापूरावजींचे धाकटे भाऊ नामदेव बघायचे. तोवर दोघं खिडकीतून ओरडून ऑर्डरी सांगत. करवतीच्या आवाजात पलंग सांगितला की पाळणा तयार व्हायचा.

मी डेटाग्राम वापरले. डेटाग्राम म्हणजे पोस्टकार्ड. टाकायचं आणि विसरायचं. पोचेल, न पोचेल, कुणी सांगायला येत नाही. सॉकेट म्हणजे ते टाकायचं पेटीचं तोंड. आमच्या लायब्ररीत, म्हणजे तयार प्रोग्रामांच्या साठ्यात, सगळं क्लास करून लिहायचं, म्हणजे आधी साचा आणि मग त्यातून वस्तू. मी 'चिठ्ठी' नावाचा क्लास लिहिला. छान चालला.

डेमोच्या दिवशी सकाळी बापूरावजींचा फोन आला. "पोचलं का नाही, मले कसं समजन?"

"समजेल ना! पावती येईल," साहेबांनी परस्पर सांगून टाकलं. हो म्हणायला त्यांचं काय जात होतं!

मी घाईघाईने 'पावती' क्लास लिहिला. पावतीही केबलमधूनच जाणार, म्हणजे तीही एक चिठ्ठीच. म्हणून तिला चिठ्ठीची लेक केली. याला इनहेरिटन्स म्हणतात. आईचे सगळे गुण लेकीला आपोआप मिळतात, पुन्हा लिहावे लागत नाहीत. तपासायला वेळ कुठला? तशीच रिक्षात बसले.

आता त्या प्रिंटरकडे बघताना डोक्यात लख्ख उजेड पडला. चिठ्ठी मिळाली की पावती पाठवायची, हा मी सकाळीच आईला लावलेला गुण. तो लेकीने उचलला होता. दुकानाला पावती मिळाली, दुकानाने त्या पावतीची पावती पाठवली. आरामशीनने तिचीही पावती पाठवली. अगं बाई!

खिडकीतून नामदेवभाऊ ओरडले, "दादा, काय पोचलं पोचलं लावलं गा? एकडाव समजलं ना मले!"

मी उठले आणि सरळ केबल उपटली. प्रिंटर गप्प. एक पावती वाटेत हरवली, तिची पावती आली नाही, खेळ खल्लास. डेटाग्राम हरवतात म्हणून तर पावती आणली होती, आणि शेवटी हरवण्यानेच अब्रू वाचवली.

"हे तं आमच्या व्याह्यासारखं झालं," बापूरावजी पोट धरून हसायला लागले. "तो म्हणते येतो, मी म्हणतो या. तो म्हणते येतो बरं, मी म्हणतो या बरं. दारातच जेवणाची वेळ होते."

चहा येईपर्यंत मी दोन्हीकडे दुरुस्ती केली. पावतीला सांगितलं, बाई गं, तू आईवर जाऊ नको, तू मिळालीस की पुढे काही पाठवायचं नाही. केबल जोडली. 'सागवानी चौकटी चार' टाइप केलं. पलीकडे ऑर्डर छापली. इकडे 'पोचलं', एकदाच. मग शांतता. साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. पगारपत्रक टळलं! मला तर नाचावंसं वाटलं.

बापूरावजी मात्र कागदाकडे बघतच राहिले. "ते ठीक आहे मॅडमजी. पण मले त्याचं 'पोचलं' पोचलं, हे नामदेवले कसं समजन?"

साहेबांनी 'समजेल ना' म्हणायला तोंड उघडलं. मी चहाची बशी त्यांच्या हातात दिली.

"नाही समजणार, बापूरावजी," मी म्हणाले. "कुणीतरी एकाने गप्प बसावंच लागतं."

त्यांना ते पटलं. काम पसंत असल्याच्या कागदावर सहीही केली. आम्ही सामान आवरून निघालो, तोच मागे खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"नामदेवा, तुहं पोचलं गा!"

"बरं दादा!"

"बरं म्हटलं का?"

"हो, म्हटलं!"

"आयकू आलं!"

साहेब थबकले. "आपलं मशीन बिघडलं का गं?"

"मशीन ठीक आहे साहेब, चला," मी म्हणाले. लायब्ररीतल्या क्लासला गप्प करता येतं. भावांना नाही.