पिवळ्या इंजिनाची चाकं

कुरियरवाला पार्सल देऊन गेला की मी ते लगेच उघडत नाही. आधी चिकटपट्टी बघतो. ती एकदाच लावलेली आहे की काढून पुन्हा लावलेली, हे बोट फिरवलं की कळतं. मग खोकं कानाशी धरून हलवतो. बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "इंजिन आलं की बॉम्ब?" तिला हसू येतं, मला येत नाही. दोनदा फसलोय. एकदा तर नागपूरच्या एका भल्या दिसणाऱ्या माणसाने मला नव्याने रंगवलेलं डुप्लिकेट इंजिन जुनं म्हणून विकलं, वर चहाही पाजला. तेव्हापासून चहा पाजणाऱ्याकडे मी जास्तच लक्ष ठेवतो.

खोकं उघडलं की इंजिन उलटं करायचं आणि भिंगातून चाकं बघायची. रंग नव्याने देता येतो, चेहऱ्याचा स्टिकर बदलता येतो, पण चाकं बदलायचा कंटाळा सगळेच करतात. ऑफिसातही माझं काम असंच आहे, लोकांनी आणलेल्या नकला मूळ कागदाशी ताडून बघायच्या. वीस वर्षं तेच केल्यावर माणूस समोरच्याचा चेहरा न बघता शिक्का बघायला लागतो.

ही सगळी इंजिनं एकाच कार्टूनमधली. रविवारी सकाळी टीव्हीवर लागायचं. बोलणारी, रुसणारी, जाड भुवयांची इंजिनं. त्यातलं पिवळं इंजिन प्रत्येक भागात उशिरा पोचायचं आणि दर वेळी वेगळी थाप मारायचं. आम्ही तेव्हा आर्वीला राहायचो. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी, म्हणून गल्लीत टीव्ही आमच्याकडे लवकर आला. माझा एक मित्र रविवारी आंघोळ न करताच यायचा आणि माझ्या शेजारी चटईवर बसायचा. त्याचे वडील वाडीत भाजी पिकवायचे आणि सकाळी घरोघर द्यायचे. आमच्याकडेही त्यांचीच भाजी. पिवळ्या इंजिनाच्या थापा त्याला तोंडपाठ होत्या. शाळेत उशीर झाला की तो त्याच मारायचा, आणि बाबा हसू दाबून त्याला वर्गात घ्यायचे.

मी तिसरीत असताना मामाने मुंबईहून तेच पिवळं इंजिन आणलं. दीड वीत लांब, पत्र्याचं, सहा लाल चाकं, आणि चाकांना जोडणारा चकचकीत दांडा. गल्लीत तसलं कोणाकडेच नव्हतं. मी ते उशाशी घेऊन झोपायचो. मित्राशिवाय कोणालाही हात लावू देत नव्हतो.

आणि तान्ह्या पोळ्याच्या सकाळी ते दिसेना.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो. लाकडाचा नंदी चाकाच्या पाटावर उभा करून सजवायचा, दोरीने ओढत मारुतीच्या देवळापुढे न्यायचा, मग घरोघर फिरवून बोजारा मागायचा. कोणी पैसे देतं, कोणी खाऊ. इतर पोरं नंदीला शिंगं रंगवत होती आणि मी पलंगाखाली, फडताळात, पाण्याच्या टाकीमागे इंजिन शोधत रडत होतो. आई म्हणाली, "काल रात्री कोणाच्या हातात होतं?" मी मित्राचं नाव घेतलं. ते खरंच होतं. रात्री तोच खेळत होता, मी जेवायला उठलो होतो आणि जेवून तसाच झोपलो.

तेवढ्यात त्याचे वडील भाजी घेऊन दारात आले. मित्रही सोबत होता, टोपली धरायला. आईने साधंच विचारलं, पण गुरुजींच्या घरातून वस्तू गेली म्हटल्यावर त्या माणसाचा चेहरा काळवंडला. त्याने तिथेच अंगणात पोराला धरलं. चपलेने मारलं, मग हाताने. "सांग, कुठं ठेवलं! सांग!" मित्र एवढंच म्हणत होता, "मी नाई घेतलं." बाबा ओसरीवर पेपर वाचत उभे होते. ते आत निघून गेले. मला वाटलं, त्यांना बघवलं नाही.

संध्याकाळी मी नंदी ओढत देवळापुढे गेलो. बाबांनी तो सकाळीच सजवून ठेवला होता. पाठीवर आईच्या जुन्या साडीची झूल, अगदी पाटाच्या खालपर्यंत. मित्रही आला होता, मातीचा बैल ताटात घेऊन. डोळे सुजलेले. रांगेत तो माझ्या मागेच उभा होता. मी सारखा वळून त्याचे हात बघत होतो, खिसे बघत होतो. इंजिन त्याने शर्टाच्या आत लपवलं असेल असंही मला वाटत होतं. त्या दिवशी माझ्या नंदीला पहिलं बक्षीस मिळालं. स्टीलचा डबा. मी तो घेतला आणि घरी आल्यावर पुन्हा रडलो.

त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. शाळेत बाक बदलला. पोरं त्याला 'इंजिन' म्हणून चिडवायची. मी थांबवलं नाही. उलट मला बरं वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली.

नोकरी लागली, वर्ध्याला आलो, सिंदी मेघेत घर बांधलं आणि पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून त्या कार्टूनमधलं हिरवं इंजिन घेतलं. मग निळं, मग दोन तोंडांचं. आता भिंतीवर चार फळ्या भरल्या आहेत. पण पिवळं, त्याच बनावटीचं, मिळत नाही. मिळालं तरी मी लगेच घेत नाही. आधी विकणारा कोण ते शोधतो. जाहिरातीत आर्वी दिसलं की फोटो मोठा करून बघायचो. वाटायचं, आता विकायला काढलं त्याने. मोठा झाला, पैशाची गरज पडली. मी खोट्या नावाने फोनही केलेत. दर वेळी दुसराच कोणी निघायचा. बायको एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही इंजिनं जमवता की पुरावे?" मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे आले. यंदा मुलगी पहिलीत गेली आणि तिने तान्ह्या पोळ्यासाठी बैल हवा म्हणून हट्ट धरला. बाबांनी आर्वीच्या घरातून माझाच जुना नंदी मागवून घेतला. त्यावर बाबांनी दर पोळ्याला दिलेल्या ऑइल पेंटचे थर बसले होते. बायकोने म्हटलं, जुना रंग खरवडून नवा देऊ. मी रविवारी अंगणात पेपर पसरला आणि बसलो. पाठ झाली, पाय झाले. मग पाट उलटा केला आणि चाकांवरचा निळा रंग चाकूने काढायला लागलो.

खालून लाल निघाला.

मी चाकू ठेवला आणि घरातून भिंग आणलं. खरं तर भिंगाची गरज नव्हती. चाकाला आतल्या बाजूने उंच कडा होती. ती रुळावरून घसरू नये म्हणून असते, आणि लाकडी बैलाला रूळ नसतात. कडेजवळ एक भोक होतं, दांडा अडकवायचं. बैलाच्या चाकाला दांडा नसतो. चार चाकं होती, चारही तशीच. अशी चाकं मी वीस वर्षं फोटोत मोठी करून करून बघत आलोय. आणि त्यांच्यावर उभा असलेला नंदी मी स्वतः गावभर ओढत नेला होता.

बायको मागे येऊन उभी राहिली. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "काखेत कळसा." पुढचं बोलली नाही.

बाबा ओट्यावर खुर्चीत होते. मी नंदी त्यांच्या समोर धरला. "बाबा, हे चाकं कुठून आले?"

त्यांनी चष्मा वर केला. "असतील कुठले. पोळ्याच्या दिवशी पाटाचे चाकं मोडले होते एकदा. दुकानं बंद. नंदी देवाचा, त्याले लंगडा नेतात काय? घरातलं कोणतं तरी खेळणं काढलं असंन."

"ते इंजिन होतं. त्याच्यापाई माया मित्राले मार बसला होता, आपल्या अंगणात."

"कोणाले?" ते म्हणाले. "मले नाई आठवत बा. लय वर्षं झाली."

वय झालंय, विसरले असतील, असं मी धरून चाललो. आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेणारा मी. बाबांवर घेतला नाही.

पुढच्या शनिवारी चाकं रुमालात बांधून आर्वीला गेलो. घरी सांगितलं, ऑफिसचं काम आहे. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो आणि सगळी खोटी वाटत होती. मित्र वाडीतच सापडला, वांग्याच्या ओळीत. केस पांढरे झालेले. मला बघून त्याने हातातली टोपली खाली ठेवली नाही.

"काय गा, इकडं कुठं?"

मी रुमाल सोडला. चाकं त्याच्या समोर धरली. बाबांनी नंदीसाठी काढली होती, मला आत्ता कळलं, माझी चूक झाली, असं सगळं एका दमात सांगितलं. त्याला आश्चर्य वाटेल, राग येईल, निदान तो एक चाक हातात घेऊन बघेल, असं मला वाटलं होतं. त्याने नुसती नजर टाकली.

"हे मले तवाच माहीत होतं," तो म्हणाला.

"कसं?"

"पोळ्यात तुया मांगं उभा होतो ना मी. तुया बैलाचे लाल चाकं पाह्यले. झूल हालली की दिसत होते. मी म्हटलं, यानं सोताच इंजिन मोडलं अन् नाव मायं घेतलं. तू वळून वळून माह्याकडं पाहून राह्यला होता. मले वाटलं, मी पाह्यलं का नाई ते पाहून राह्यला."

"मंग तू बोलला काऊन नाई?"

"कोणाले सांगू? मार तं खाऊन झालता." त्याने टोपलीतलं एक किडकं वांगं काढून बाजूला फेकलं. "बापाले सांगतलं होतं घरी गेल्यावर. तो म्हणे, गुरुजीच्या पोरावर आळ घेतं काय? अन् अजून दोन ठेवून देल्ल्या."

मी पुन्हा सांगितलं, मला खरंच माहीत नव्हतं. मुलीची शपथ घेतली. असली शपथ मी ऑफिसात रोज ऐकतो आणि एकावरही विश्वास ठेवत नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत काय आहे ते मला चांगलं ओळखू आलं. तो मला तपासत होता.

"खरं सांगाचं तं मले नाई पटत," तो शेवटी म्हणाला. "इतके वर्षं मी तुले खोटारडा समजून राह्यलो. आता एकदम कसं पटंन? तुया बाबानं येऊन सांगतलं, का मी काढले होते, पोराले ठाऊक नव्हतं, तं मानीन. तू नको सांगू."

त्याने मला भाजी दिली. पैसे घेतले नाहीत. चहाचं विचारलं नाही.

परतताना सारा वेळ हेच डोक्यात होतं की बाबांना काही आठवतच नाही. ते आले तरी काय सांगणार? एवढ्या वर्षांनी एक माणूस विश्वास ठेवायला तयार झाला आणि साक्षीदाराची आठवण गेलेली. मला स्वतःचीच कीव आली. इंजिनाची आठवणसुद्धा आली नाही, प्रथमच.

घरी पोचलो तेव्हा दुपार उतरली होती. बाबा फाटकाशीच उभे होते. मी गाडी लावायच्या आतच त्यांनी पिशवीतली वांगी बघितली.

"आर्वीले गेलता?"

"हो."

त्यांनी पिशवीचं तोंड मिटलं. मग म्हणाले, "भेटला का तो?"

मी कोणाचंच नाव घेतलं नव्हतं. ऑफिसच्या कामाला जातो म्हणून गेलो होतो.

"भेटला," मी म्हणालो.

बाबांनी फाटकाची कडी उघडली, परत लावली. "त्याच्या बापानं एवढं मारायले नव्हतं पाह्यजे," ते म्हणाले. "चपलेनं तं नाईच."

मला त्यांचा इतका राग आला की मी गाडीवरून उतरलोच नाही. आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ज्याची मला लाज वाटली. माणूस म्हातारा झाला होता आणि हे इतकी वर्षं एकट्याने जवळ ठेवून होता, त्याचं वाईट वाटत होतं.

"बाबा, बसा मागं," मी म्हणालो. "आत्ता निघालो तर उजेडात पोचू. तुमी सांगतलं तरच तो मानणार आहे."

"उद्या जाऊ," बाबा म्हणाले. "उद्या नक्की."

मी गाडी बंद केली नाही.