सगळ्याला नाही म्हणायचं

वर्ना होलुबेकने आयुष्याची सव्वीस वर्षं कपांना कान लावण्यात घालवली. आमच्या गावात, ओहायो नदीच्या काठी, तेव्हा चिनी मातीच्या भांड्यांचे कारखाने होते आणि घरटी एक तरी माणूस तिथे राबत होता. ओल्या कपाला ओला कान एका दाबात सरळ बसला पाहिजे. वाकडा बसला तर कप बाद आणि त्याची मजुरीही बाद. वर्नाचा कान कधी वाकडा बसला नाही, असं तिच्याबरोबरच्या बायका अजून सांगतात. पुढे कारखाना बंद पडला, नवरा एमिल मातीची धूळ छातीत साठवून गेला, आणि वर्ना टेकडीवरच्या त्या दोन खोल्यांत एकटी राहिली.

केबल एमिलने घेतली होती, बेसबॉलसाठी. कंपनीने टीव्ही, इंटरनेट आणि घरचा फोन, जुन्याच नंबरासह, असं तिन्ही एका बिलात बांधून दिलं, पहिलं वर्ष स्वस्तात. मग बिल दरवर्षी चढत गेलं. एमिल शिव्या घालायचा आणि भरायचा. तो गेल्यावर वर्नाने बेसबॉल एकदाही लावला नाही. दोनशे वाहिन्यांतून ती हवामान बघायची आणि एक स्वयंपाकाचा कार्यक्रम, तोही त्यातल्या बाईला नावं ठेवायला. इंटरनेटशी तर तिचा काही संबंधच नव्हता. तरी दरमहा दोनशे एकेचाळीस डॉलर ती मुकाट भरत होती, आणि ते भरता यावेत म्हणून हिवाळ्यात घरात कोट घालून बसत होती. लोकांना वाटे म्हातारीला टीव्हीचं वेड आहे.

वेड फोनचं होतं. त्या फोनचा नंबर तिच्या मुलाला, कर्टला, पाठ होता.

कर्ट पाच वर्षांचा असताना तिनेच तो त्याच्याकडून घोकून घेतला होता. शाळेत जाण्याआधी पोराला घरचा नंबर तोंडपाठ पाहिजे, हरवलं तर सांगता यावा, ही आमच्याकडची रीतच. वर्ना नूडल्सचं पीठ लाटता लाटता आकडे म्हणायची आणि कर्ट टेबलाखाली बसून मागून म्हणायचा. पुढे तो मोठा झाला, छपरांच्या कामाला लागला, एका छपरावरून पडला. पाठदुखीवर डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्यांची चटक लागली आणि त्या गोळ्यांनी पोरगा पुरता खाल्ला. बहीण रोशेल हिच्या लग्नात आलेली चांदीची भांडी त्याने विकली, त्या दिवसापासून तिने त्याचं नाव टाकलं. नऊ वर्षांपूर्वी तो गाव सोडून गेला.

त्याच्याकडे मोबाइल टिकत नसे. हरवे, चोरीला जाई, नाहीतर विकला जाई, आणि त्यातले सगळे नंबर त्याच्याबरोबर जात. पण वर्षातून दोन-तीनदा कुणाच्या तरी हातापाया पडून मिळवलेल्या फोनवरून, कधी बेघरांच्या निवाऱ्यातून, एकदा तुरुंगातून, त्याचा घरच्या नंबरवर फोन यायचा. वर्ना विचारायची, जेवलास का. तो हो म्हणायचा. ते खरं नाही हे दोघांनाही माहीत असायचं. तेवढ्या बोलण्यावर ती पुढचे चार महिने काढायची. रोशेलला तिने यातलं काही कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर घरात रण माजलं असतं.

ऑक्टोबरात बिल दोनशे अडुसष्टवर गेलं आणि ते रोशेलचा नवरा ग्लेन याच्या नजरेला पडलं. ग्लेन वाईट माणूस नाही. पण त्याने स्वतःची केबल दोन वर्षांपूर्वी तोडली होती आणि दारू सोडलेला माणूस जसा भेटेल त्याला दारूचे तोटे ऐकवतो तसा तो भेटेल त्याला केबलचे तोटे ऐकवी. पुढच्याच रविवारी तो एक अँटेना घेऊन आला, खिडकीच्या काचेला चिकटवला आणि बारा वाहिन्या फुकटात लावून दाखवल्या. चित्र केबलपेक्षा झकास होतं. वर्नाच्या हातात त्याने एक साधा मोबाइलही ठेवला.

वर्नाने एकच विचारलं, "माझा नंबर तोच राहील ना?"

"राहील की. तो या मोबाइलवर आणता येतो. आधी त्या लुटारूंचं बंद करा, मग शनिवारी मी येऊन नंबरचं बघतो."

हे उलटं होतं. नंबर आधी न्यायचा असतो आणि मग जुनं बंद करायचं असतं. पण ग्लेनने स्वतःची केबल तोडली तेव्हा त्याच्याकडे घरचा फोनच नव्हता, त्यामुळे त्याला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायची त्याला सवय नव्हती. वर्नाला त्याने पढवलं मात्र नीट. म्हणाला, ते सहजी सोडत नाहीत. माणसं पगारावर ठेवलीत त्यांनी, गिऱ्हाइकाला गोड बोलून अडकवायला. "काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं, मॉम. सगळ्याला नाही. एकदा हो म्हणालात की वर्षभर अडकलात." मग स्वतः कंपनीचा माणूस होऊन त्याने तिच्याकडून तीनदा तालीम करून घेतली. रोशेल हसून हसून बेजार झाली. वर्नाही हसली.

गुरुवारी सकाळी न्याहारी उरकून तिने फोन लावला. पलीकडचा माणूस तरुण होता, अदबीने बोलणारा. खातं एमिलच्या नावावर, म्हणून त्याने खातेदाराला फोन द्यायला सांगितलं.

"तो टेकडीच्या मागे पुरलाय," वर्ना म्हणाली. "तुला घाई असेल तर जाऊन विचारून ये."

त्याने माफी मागितली आणि लगेच पुढचं सुरू केलं. सहा महिने निम्म्या दरात देऊ का? नाही. खेळाच्या वाहिन्या काढून टाकू का? नाही. एक महिना फुकट, आवडलं नाही तर सोडा? नाही. चाळीस मिनिटं हे चाललं आणि सुरुवातीला घाबरलेल्या वर्नाला हळूहळू मजा वाटायला लागली. उभ्या जन्मात ती मुकादमाला नाही म्हणाली नव्हती, एमिलला म्हणाली नव्हती, कर्टला तर नाहीच नाही. आता तिचा नकार असा सरळ बसत होता की समोरचा माणूस थकत चालला.

शेवटी तो म्हणाला, "तुमचा हा फोन नंबर राखायचा आहे का, मॅम? दुसरीकडे न्यायचा असेल तर मी आज बंद करत नाही, थांबतो."

आज बंद करत नाही, हे शब्द ऐकले आणि वर्नाला वाटलं, हाच तो शेवटचा सापळा.

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना."

त्या चाळीस मिनिटांत त्याने विचारलेला तो एकच प्रश्न तिच्या भल्याचा होता. दुपारपर्यंत घरचा फोन मुका झाला आणि वर्नाने स्वतःला अंड्याचं सँडविच करून खाल्लं, खुशीत.

शनिवारी ग्लेन आला आणि अर्ध्या तासात त्याच्या कपाळाला घाम फुटला. नंबर सुटला होता. कंपनी म्हणाली, आता तो आमच्याकडे नाही. नवी कंपनी म्हणाली, बंद नंबर आम्हाला ओढता येत नाही. काही दिवस तो नुसता पडून राहील, मग कुणालाही मिळेल. ग्लेन फोन ठेवून म्हणाला, जाऊ द्या, नवा नंबर घ्या, आपण सगळ्यांना कळवू. जुना कुणाला हवाय एवढा?

"कर्टला," वर्ना म्हणाली.

रोशेल सिंकपाशी कप विसळत होती. तिने नळ बंद केला. "तू त्याच्याशी बोलतेस?" एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बाहेर गाडीत जाऊन बसली. ग्लेनने मात्र पुढच्या दोन आठवड्यांत दोन्ही कंपन्यांना अकरा फोन केले, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. उपयोग झाला नाही. कर्टने पूर्वी जिथून फोन केले होते त्या निवाऱ्यांना वर्नाने फोन केले. कुणी म्हणालं, नावं सांगत नाही, कुणी म्हणालं, तो गेल्या वर्षीच गेला. पत्र लिहिणाऱ्यातला तर तो कधीच नव्हता.

तेव्हापासून वर्ना रोज दुपारी जेवण झालं की मोबाइलवरून आपलाच जुना नंबर लावी. हा नंबर सेवेत नाही, असं एक बाई सांगे. ते ऐकून ती फोन ठेवी. त्या हिवाळ्यात वाचलेल्या पैशांतून घर चांगलं ऊबदार राहिलं. रोशेल ते सगळ्यांना सांगे. आईला आता कोट घालावा लागत नाही, म्हणे.

फेब्रुवारी सरता सरता त्या बाईऐवजी पलीकडे नुसती घंटी वाजू लागली, आणि मार्चच्या शेवटी एका दुपारी कुणीतरी फोन उचलला.

उचलणारी मुलगी टेसा नावाची होती, महिन्यापूर्वी नवा फोन घेतलेली, एरवी दुपारी कामावर असल्याने तो न उचलणारी. बिचारीने ऐकून घेतलं. वर्नाने विचारलं, कुणाचा फोन आला होता का, मॉम आहे का विचारणारा?

"आला होता ना. दोन आठवडे झाले असतील. खोकत होता फार. म्हणाला, हा माझ्या आईचा नंबर आहे, माझ्या लहानपणापासूनचा. मी म्हटलं, आता माझा आहे."

"मग?"

"त्याने विचारलं, म्हणजे ती गेली का. मला काय माहीत, मॅम? एवढ्या वर्षांचा नंबर सुटला म्हणजे तसंच असणार, असं वाटलं मला. मी म्हटलं, फार वाईट वाटलं ऐकून. असं म्हणतात ना, तसं म्हटलं."

असंच म्हणतात. आमच्याकडे कुणाचंही माणूस गेलं की अनोळखी माणूसही तेवढं म्हणतोच, पोरांना ते लहानपणीच शिकवतात.

वर्नाने त्याचा नंबर मागितला. टेसाने तो पुसून टाकला होता. अनोळखी नंबर ती ठेवत नसे. तिने पुन्हा पुन्हा माफी मागितली, रडवेली झाली. वर्ना म्हणाली, तुझी काही चूक नाही, बाळ. मग आपला नवा नंबर सावकाश, एकेक आकडा सुटा करून सांगितला, आणि टेसाने तो लिहून घेतला.

"पुन्हा आला फोन तर त्याला सांग, मी आहे. इथेच आहे, त्याच घरात."

"सांगेन, मॅम," टेसा म्हणाली. "पण तो म्हणाला होता, आता या नंबरवर परत फोन करणार नाही. थँक्यू म्हणाला आणि ठेवला."