झाकणावरचे दोन थेंब

ज्ञानदेवचं नाक कामातून गेलं होतं आणि कंपनीत त्यानं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. आकुर्डीचा हा गडी ऐन तारुण्यापासून तोंडाला फडकं बांधून स्प्रे-गन चालवत आला. घरी डाळ करपली तरी चुलीशेजारी खुशाल बसून राहायचा आणि बायकोची, कस्तुराची, बोलणी खायचा. पेंटशॉपात मात्र त्याचा रुबाब होता. नाक गेल्याचं कळलं तर गन हातातून जाणार, या धास्तीनं तो आतून पोखरला होता.

त्या दिवशी टेबलावर कंपनीच्या टेम्पोचं वीतभर मॉडेल होतं. नूरमोहम्मद सुतारानं सागवानातून कोरलेलं, चाकंसुद्धा फिरणारी. दुसऱ्या दिवशी ते मुंबईच्या प्रदर्शनाला जायचं होतं. अस्तराचा हात झाला होता. आता पेनाएवढ्या बारीक गननं निळा एनॅमल मारायचा, म्हणजे रंग दुधासारखा पातळ हवा, आणि तो टर्पेंटाइननंच करायचा. थिनर पडला की अस्तर उचललं जातं, सगळ्या अंगाला सुरकुत्या येतात. स्टोअरनं दोन्ही पाठवलं होतं, एकसारख्या बाटल्यांत. पेंटर लोक बूच काढून वास घेतात, त्यावरच ओळखतात.

एरवी ज्ञानदेव गुपचूप पत्र्यावर थेंब टाकून बघायचा. थिनर झटकन उडतो, टर्पेंटाइन ओलं राहतं. पण आज फोरमन दौलतराव समोरच खुर्ची टाकून बसले होते.

त्यानं एक बाटली नाकाशी नेली, जाणत्यासारखी मान हलवली. सोंग छान वठलं. बाटली रंगावर कलती केली आणि त्याचा हात अडला. शेजारी नूरमोहम्मद उभा होता. मॉडेलच्या इवल्या कड्या कोरताना कापलेल्या बोटाला अजून चिंधी होती. ज्ञानदेवला स्वतःची लाज वाटली.

त्यानं डब्याचं झाकण उलटं ठेवलं आणि दोन्ही बाटल्यांतला एकेक थेंब त्यावर टाकला.

"हे काय रे?" दौलतराव पुढे वाकले. "वास येत नाही का तुला?"

"न्हाई, साहेब. लई दिस झाले."

एक थेंब बघता बघता उडाला. कलती केली होती, त्याच बाटलीतला. नूरमोहम्मद मटकन स्टुलावर बसला.

ज्ञानदेवनं दुसरी बाटली घेतली, रंग पातळ केला आणि श्वास रोखून फवारा मारला. निळा रंग एकसारखा बसला.

"काम झकास झालं," दौलतराव खालच्या आवाजात म्हणाले. "पण उद्यापासून तू पॅकिंगला. याचा दुसरा हातही आज दुसरा पेंटर, भिमाजी मारेल."

"साहेब," नूरमोहम्मद उठला, "माझ्या गाडीला दुसरा माणूस हात लावणार न्हाई."

दौलतरावांनी दोघांकडे पाहिलं. मग ते खुर्ची उचलून बाहेर गेले. ज्ञानदेव पहिला हात वाळायची वाट बघत गन मांडीवर घेऊन बसून राहिला.