सुमेधनं कानानं निवडलेली गिटार

आज सकाळी ज्या माणसानं माझ्या भावाचा फोटो टाकून 'आमच्या ऑर्केस्ट्राचा हिरा हरपला' असं लिहिलंय, त्याच माणसानं त्याला भर स्टेजवर दारुडा ठरवलं होतं.

सुमेध जाऊन आज वर्ष झालं.

वर्षभर मी गप्प होते. आज ती पोस्ट बघितली, खालचे हात जोडलेले इमोजी बघितले, आणि राहवलं नाही.

सुमेध माझा धाकटा भाऊ. गारखेड्यात आमच्या वरच्या खोलीत दिवसभर त्याची गिटार चालायची. आधी जयंतीला भीमगीतांच्या मागं वाजवायचा, मग एका ऑर्केस्ट्रात लागला. हळदी, लग्नं, गणपती, कंपन्यांचे कार्यक्रम. मालकांना सगळे 'सर' म्हणायचे. मीपण म्हणायचे.

जुनी गिटार खरखर करायला लागली म्हणून नवी इलेक्ट्रिक घ्यायची ठरलं. औरंगपुऱ्यातल्या दुकानात मी, सुमेध आणि सर असे तिघं गेलो.

दुकानदारानं तीन काढून ठेवल्या. किंमत जवळपास सारखी, आकार सारखा, रंगसुद्धा सारखाच. कंपन्या तेवढ्या वेगळ्या. एक जपानी. एक मोठ्या अमेरिकन नावाची. एक कोरियन, जिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

सर म्हणाले, "अमेरिकन घे. स्टेजवर नाव दिसतं."

सुमेधनं जपानी वाजवली आणि त्याचा चेहराच बदलला.

"ताई, आवाज ऐक हिचा. कसला स्वच्छ हाय!"

मग थोड्या वेळानं डावा हात झटकला. "पण नेक लई जाड हाय. दांडीला बोटं पुरत नाय."

अमेरिकनच्या तारा टोचतात म्हणाला. दुकानदारानं तारा खाली घेऊन दिल्या, बोटांना जोर कमी लागावा म्हणून. तरी नाही. परत जपानी. परत हात झटकणं.

सर हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

अख्खं दुकान हसलं. सुमेधपण हसला.

शेवटी त्यानं कोरियन घेतली. ती हलकी होती, नेक बारीक होती.

रिक्षात गिटारची बॅग मांडीवर धरून म्हणाला, "आवाज त्या जपानीचाच, ताई. पण हात हिच्यावरच चालतोय. काय करू?"

काही महिन्यांत हिच्यावरही चालेना.

तो पुन्हा पुन्हा दुकानात जायचा. पातळ तारा टाकून घेतल्या. नेक सरळ करून घेतली. 'पीस खराब हाय' म्हणून एकदा भांडूनही आला.

मग गणपतीतला तो कार्यक्रम. मी समोरच बसले होते. गाण्याच्या मधला सोलो त्याचा. बोटं तारांवरून घसरली. त्यानं सावरलं, पुन्हा घसरली. उतरताना पायरीवर पाय अडखळला आणि तो गुडघ्यावर पडला.

सरांनी माईक घेतला. "आमचे गिटारवाले आज जरा जास्तच रंगात आलेत बरं का, मंडळी!"

मंडळी खदखदून हसली.

सुमेधनं आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला 'येऊ नको' म्हणून फोन. जिथं सोयरीक ठरत आली होती, तिथूनही निरोप: पोरगं पितं म्हणे.

एका डॉक्टरनं मणक्याची नस दबलीय म्हणून पट्टा दिला. शेवटी नसांच्या डॉक्टरकडं गेलो, तेव्हा कळलं. मोटर न्यूरॉन डिसीज. शरीर हलवणाऱ्या नसा हळूहळू मरत जातात. डोकं मात्र शाबूत राहतं. बरं करणारं औषध नाही.

बाहेर बाकड्यावर बसून सुमेध मला काय म्हणाला माहितीय?

"म्हंजी गिटारीचा दोष नव्हता. त्या दुकानदाराला लई तरास दिला मी."

मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

"अहो ताई, मी मजेत म्हणालो होतो. एवढं काय मनावर घेता?"

"मग तशाच भरल्या लोकांसमोर सांगा, की तो पीत नव्हता."

"बघू," म्हणाले.

बघितलं नाही. घरीही कधी आले नाहीत.

आला तो इम्रान. सुमेधच्या जागी उभा केलेला नवा गिटारवाला. पहिल्यांदा आला तेव्हा दारातच रडला. "ताई, उसकी जगा पे खडा हूं मैं. मेरे से बजाया नै जाता."

सुमेधचे हात उचलायचे बंद झाले, बोलणं जड झालं, तेव्हा एक दिवस तो म्हणाला, "औरंगपुऱ्यात चल."

व्हीलचेअर दुकानाच्या पायरीवरून इम्राननं आणि मी वर घेतली. दुकानदारानं तसल्याच तिन्ही गिटारी मांडल्या. इम्राननं एकेक वाजवली. सुमेध डोळे मिटून ऐकत होता.

जपानीवर त्यानं डोळे उघडले.

"ही. आता हाताचा प्रश्नच मिटला, ताई. आता नुस्त्या कानानं घ्यायची."

दुकानदारानं कोरियन बदल्यात ठेवून घेतली. जपानी त्यानं स्वतःच्या हातानं सुमेधच्या मांडीवर ठेवली.

मग दर रविवारी इम्रान यायचा आणि ती वाजवायचा. सुमेधची वाचा गेल्यावरही. सूर चुकला की सुमेधच्या कपाळाला आठी पडायची. इम्रान हसायचा. "गलत बजाया क्या, उस्ताद? फिरसे?"

ऑर्केस्ट्रातलं बाकी कुणी, एक रविवार, एकदाही आलं नाही.

आज सगळ्यांना तो 'जिवलग' होता.

बोलता येत होतं तोवर सुमेध म्हणायचा, "जाऊ दे ताई. स्टेजवर माणूस बोलून जातो."

सुमेध, तू सगळ्यांना माफ करून गेलास. मला ते जमलं नाही. जमवायचंही नाही.

जय भीम, राजा.

तुझी ताई