सातव्या नंबरची कुरडई

मॅडम पेनाचं टोपण रजिस्टरवर दोनदा वाजवायच्या आणि म्हणायच्या, "क्रमाने होऊ द्या, बाई. क्रमाने." टोपण वाजलं की कामाला ठेवलेल्या आम्ही तिघी बाया गप्प व्हायचो. मी तर आधीपासूनच गप्प असायचे.

दिग्रसला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर. सरकारी ऑफिसातून रिटायर झालेल्या, म्हणून सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांनी कुरडई-शेवयांचा धंदा काढायचं ठरवलं आणि मला बोलावलं. माझ्या हातची कुरडई कढईभर फुलते, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. मी शाळेत खिचडी शिजवत होते. ते काम सोडलं. आठ दिवसांत माझ्या जागेवर दुसरी बाई लागली.

हे लिहिताना अजून राग येतो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. यादी केली की त्यांना काम झाल्यासारखं वाटतं. मॅडमच्या यादीत पहिली पाटी. मग आमच्या डोक्याच्या टोप्या, पिशवीवरचं चित्र, उद्घाटनाचे पाहुणे, पाहुण्यांची शाल, असं करत कुरडई सातव्या नंबरवर. होळी होऊन गेली, ऊन तापलं, आणि वाळवणाची गच्ची रिकामी. पाटीचा रंग मात्र दोनदा बदलून झाला.

"मॅडम, आपण कुरडई विकून राह्यलो का पाटी?" गंगू विचारायची. आमच्यात तिलाच तोंड होतं.

"आधी पाटी, गंगूबाई. क्रमाने."

पण खोटं कशाला लिहू? पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी मला लिहायला दिल्या. मी चौथी शिकलेली. "किती गोल अक्षर आहे हो तुमचं," म्हणाल्या. मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. उरलेले कागद मी घरी आणले. त्यातल्याच एकावर हे लिहिते आहे.

बाजारातल्या एका दुकानदाराने सांगितलं, अक्षय तृतीयेच्या आत द्या, सगळी कुरडई मीच उचलतो. तेव्हा कुठे मॅडमनी दोन मोठे गंज, म्हणजे उंच पातेली, भरून गहू भिजवला. गहू वाटायच्या दिवशीच उद्घाटन ठरवलं. तीन दिवस आम्ही पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांचा फोन आला. आज जमत नाही, उद्या.

मी गंजात हात घातला. दाणा दाबला तर पांढरा चीक बोटावर आला. त्या घरात न विचारता मी पहिल्यांदाच बोलले, "मॅडम, गहू आजच वाटा लागते."

टोपण वाजलं. "उद्घाटनाआधी काम सुरू केलं, तर साहेबांना दाखवायचं काय?"

"गहू काय तुमच्या ऑफिसातला बाबू आहे, उद्या या म्हटलं का उद्या याले?" गंगू म्हणाली. मॅडम हसल्या. मीही हसले. त्या हसण्याचा मला फार राग येतो. दोन घरं सोडून माझं घर, तिथे पाटा होता. उचलून आणायचा गहू आणि लागायचं वाटायला. पण मी हसले.

पाहुणे आणखी दोन दिवसांनी आले. फीत कापली, पेढा खाल्ला आणि नाकाला रुमाल लावून गेले. आंबलेल्या गव्हाचा वास गल्लीभर पसरला होता. दुसरा गहू भिजवेपर्यंत आभाळ आलं. चार दिवस ऊन पडलं नाही. दुकानदाराने दुसरीकडून माल घेतला.

मॅडम रजिस्टर मागे-पुढे चाळत बसल्या. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "क्रमच चुकला का हो?"

मला सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "मले काय समजते, मॅडम."

मी मुद्दाम तसं म्हटलं. त्यांना ते लागलं, हेही मी पाहिलं.

पुढच्याच महिन्यात त्या मुलीकडे पुण्याला गेल्या. घराला कुलूप आहे. खिचडीचं काम मला परत मिळालं नाही. आता लोकांच्या गच्चीवर जाऊन वाळवणं करून देते.

उद्घाटनाच्या संध्याकाळचं मात्र डोळ्यांपुढून जात नाही. नवी सुती साडी खोचून मॅडम परसातल्या लिंबाखाली तो गहू फेकत होत्या. भरलेला गंज एकटीला उचलवत नव्हता, म्हणून वाटीवाटीने काढत होत्या. एक वाटी, मग कंबर धरून उभं राहणं, मग दुसरी. गंजाचा दुसरा काठ धरायला कुणीतरी हवं होतं. मी माझ्या घराच्या मागच्या ओट्यावरून बघत होते. त्यांनी एकदा वर पाहिलं.

मी दार लावून घेतलं.