यादीतला सतरावा कारखाना

सरकारी छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. सव्वीस वर्षं ती मुद्रितं तपासत होती. औषधाच्या बाटलीवरची चूकही तिला पेनाने दुरुस्त केल्याशिवाय राहवत नसे.

त्या वर्षी देशाचा गाडा पुरता रुतला होता. नवं सरकार आलं आणि सुधारणांचं राजपत्र छपाईला आलं. शनिवारी मुद्रितं तिच्या टेबलावर पडली. भाव मोकळे होणार, आयात खुली होणार, तोट्यातले तेवीस सरकारी कारखाने बंद होणार. पेन्सिल टेकवत ती यादी उतरत गेली आणि सतराव्या ओळीवर थबकली. काचेच्या बाटल्यांचा कारखाना. तिचा धाकटा भाऊ तिथे भट्टीवर होता. नावात एक काना सुटला होता. तिने तो घातला आणि पुढचं पान ओढलं.

राजपत्र गुरुवारी निघायचं होतं. तोवर चकार शब्द काढायचा नाही, असं तिने नोकरीला लागतानाच लिहून दिलं होतं.

रविवारी भाऊ आला. "ताई, फरशांच्या खाजगी कारखान्यात भट्टीवर माणूस हवाय. उद्या कळवायचंय. जाऊ का?"

शब्द अगदी ओठांवर आले होते. "तुझं तू ठरव," ती म्हणाली.

"म्हणजे नको! पटलं असतं तर धक्के मारून पाठवलं असतंस." तो हसला. "राहतो इथंच."

तिने त्याला चहा दिला.

गुरुवारी भट्टी विझवली. आतली काच आतच गोठली. फरशांच्या कारखान्यातली जागा तोवर भरली होती.

शुक्रवारी तो दारातच उभा राहिला. "तुझ्या हाताखालून गेलं ना हे? कधी?"

"शनिवारी."

"आणि रविवारी मला चहा पाजलास." तो तसाच जिना उतरला.

दोन वर्षांत दुकानं परदेशी मालाने भरली. देश सावरतोय, असं सांगणारे आकडेही तिनेच तपासले. त्यांत चूक नव्हती. भाऊ अर्ध्या पगारावर गोदामात खोकी उचलत होता. फोन केला की भावजय म्हणायची, "ते घरी नाहीत," आणि मागून त्याचा खोकला ऐकू यायचा.

शेवटी ती गोदामाच्या फाटकाशी गेली. निरोप मिळताच तो बाहेर आला. जन्मभर तिला अगंतुगं करणारा भाऊ हात झटकत म्हणाला, "काही काम होतं का तुमचं?"

"नाही... सहजच."

मान हलवून तो आत गेला.