शेजारणीसमोर घेतलेला उखाणा

उखाण्यात माझा हात धरणारी बाई अबुधाबीतल्या अख्ख्या मोहम्मद बिन झायद सिटीत नाही, असं मी स्वतःच सांगत फिरायचे. घासून गुळगुळीत झालेले उखाणे मला चालत नाहीत. त्या दिवशीची ताजी बातमी पकडायची आणि नवऱ्याच्या नावाला जोडून द्यायची, ही माझी खासियत.

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, त्याच सकाळी बातमी आली. अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक सही केली होती आणि काही देशांच्या लोकांना, हातात व्हिसा असला तरी, तिकडे प्रवेश बंद झाला होता. नवरा चहा पिता पिता म्हणाला, "आपण सेफ आहोत. पण लिस्टमध्ये सुदान आहे बघ. समोरच्या भाभींचं काय होणार आता?"

समोरची शेजारीण सुदानची. तिचा नवरा अमेरिकेत नोकरीला. खूप वाट पाहून तिला आणि मुलांना व्हिसा मिळाला होता, दोन दिवसांवर विमान होतं, घरातलं सामानही विकून झालं होतं. लगेच जाऊन विचारायला हवं होतं. पण गॅसवर वड्यांचा पाक होता, आणि खरं सांगायचं तर रडणाऱ्या बाईपुढे काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. आज काही ती येणार नाही, असं मी धरून चालले.

संध्याकाळी ती आली. ठेवणीतले कपडे घालून, हातांवर मेंदी. नवऱ्याकडे जायचं म्हणून आदल्याच दिवशी काढलेली. मी तिला अत्तर लावलं, वाण दिलं, मैत्रिणींमध्ये बसवलं. विचारलं मात्र काहीच नाही.

"यल्ला, चल लवकर, आता होस्टचा उखाणा! एकदम लेटेस्ट पाहिजे हं!" बायका ओरडल्या. उखाणा सकाळपासून जिभेवर तयार होता. तो गिळायला हवा होता. पण मराठीतच तर आहे, तिला काय कळतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि नवऱ्याच्या नावासकट ठोकून दिला,

"अमेरिकेच्या साहेबानं लावली दाराला कडी,
आमचे …राव घरीच बरे, खातात तिळाची वडी!"

वर हातानं कडी लावूनही दाखवली. बायका हसून लोटपोट झाल्या. शेजारणीला मराठी येत नव्हतं, पण 'अमेरिका' कळत होतं आणि माझा हात दिसत होता. ती क्षणभर त्या हाताकडे बघत राहिली. मग सगळ्या हसतायत म्हणून तीही हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मैत्रिणींना कुणाला तिची गोष्ट ठाऊक नव्हती. एक म्हणाली, "भाभी, अब आपकी बारी! हजबंड का नाम लेना है, और साथ में एक लाइन!"

"राहू दे गं," मी म्हणाले, पण इतक्या हळू की माझं मलाच ऐकू आलं.

तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. मग तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "उसने उधर बच्चा लोग का बेड खरीद लिया."

"वा! क्या बात है!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.